नवीन वर्कस्टेशन लॅपटॉपसाठी थांबायचं की आत्ताच घ्यायचा, हे ठरवायची पद्धत

"नवीन मॉडेल येतंय म्हणे, थांबू का?" असं वर्कस्टेशन, म्हणजे कॅड-रेंडरिंगसारख्या जड कामाचा लॅपटॉप घेणाऱ्या कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो की थांबून नक्की काय मिळवायचंय, आणि बहुतेकदा उत्तर येतं की नवीन म्हणजे फास्ट असणारच ना. असणारच, त्यात वाद नाही, पण कुठलं ना कुठलं नवीन मॉडेल दरवर्षी येतंच आणि त्या हिशेबाने माणसाने लॅपटॉप कधीच घेऊ नये. म्हणून प्रश्नच बदलायचा. माझं काम आत्ता ज्या जागी अडतंय ती जागा नवीन मॉडेलमध्ये मोकळी होणार आहे का, आणि ते मॉडेल मला हव्या त्या कॉन्फिगरेशनमध्ये माझ्या टेबलावर कधी येणार. दोन्हीची ठोस उत्तरं असतील तर बिनधास्त थांबा, एकाचं जरी नसेल तरी ती चालढकल आहे आणि तिचे पैसे आपण रोज थोडेथोडे भरत असतो.

तर पहिलं काम म्हणजे घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते शोधायचं. ह्याला अर्धा दिवस काढा, पुढचं सगळं ह्यावरच उभं आहे. तुमची सगळ्यात जड फाईल उघडा, रोज जे करता तेच करा, आणि बाजूला टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब लावून ठेवा. सॉलिडवर्क्स, रेव्हिट असलं काही कॅडचं (डिझाइन-ड्रॉइंगचं) सॉफ्टवेअर वापरत असाल तर रिबिल्ड (बदलानंतर मॉडेल परत नव्याने तयार होणं) चालू असताना सीपीयूचा एकूण आकडा ७-८ टक्के दिसेल आणि वाटेल की प्रोसेसर तर नुसता बसून आहे. तसं नसतं. त्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचे वेगवेगळे ग्राफ लावा, मग दिसेल की एकच चौकोन वरपर्यंत भरलाय आणि बाकीचे सपाट आहेत, कारण रिबिल्डचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एका कोअरवरच, म्हणजे आतल्या एकाच काम करणाऱ्या भागावर, चालतं, आणि १६ लॉजिकल प्रोसेसर असतील तर त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा ६ टक्क्यांच्या आसपासच राहतो. (कधीकधी विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर फिरवत राहतं, तेव्हा दोन-तीन चौकोन आलटूनपालटून वर जाताना दिसतात, गोष्ट तीच.) असं चित्र असेल तर नवीन मॉडेलमध्ये आठ कोअर जास्त आहेत ह्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, तुम्हाला एका कोअरचा स्पीड किती वाढला तेवढंच बघायचंय, आणि तो एका पिढीत थोडाच वाढतो.

रेंडरिंग, थ्रीडी किंवा एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी त्याच टॅबमध्ये खाली जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) जायचं. तिथे दोन ओळी असतात, डेडिकेटेड जीपीयू मेमरी आणि शेअर्ड जीपीयू मेमरी. डेडिकेटेडचा ग्राफ वर जाऊन तिथेच आडवा झाला आणि त्याच वेळी शेअर्डचा वर चढायला लागला, की समजायचं व्हीरॅम, म्हणजे जीपीयूची ही स्वतःची मेमरी, संपली आणि आता डेटा साध्या रॅममधून ये-जा करतोय. मग व्ह्यूपोर्ट (मॉडेल दिसतं ती खिडकी) अडखळतो, रेंडर कित्येक पट हळू होतो नाहीतर सरळ एरर येऊन थांबतो. ही अशी भिंत आहे की इथे जीपीयू २० टक्के फास्ट असून काही होत नाही, मेमरीच जास्त लागते. हे दिसलं तर लिहून ठेवा, थांबण्यासाठी मला मान्य असलेल्या मोजक्या कारणांपैकी हे एक आहे.

तिसरी जागा रॅम, ती ओळखणं सोपं, वापर ९५ टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्क सारखी धावतेय. चौथी उष्णता, आणि ही फार लोकांच्या लक्षातच येत नाही. सीपीयूच्या ग्राफखाली चालू स्पीड लिहिलेला असतो आणि बाजूला बेस स्पीड. जड काम चालू करून दहा-पंधरा मिनिटांनी बघा, स्पीड बेसच्या खाली जाऊन तिथेच राहत असेल तर मशीन गुदमरतंय. पंख्यात धूळ असेल, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकली असेल. नाहीतर आणखी एक गोष्ट, २३० वॉटच्या अडॅप्टरसोबत आलेलं मशीन लोक टाइप-सी डॉकवर लावतात, ती डॉक ९०-१०० वॉट देते, आणि मग मशीन स्वतःला आवरून चालतं. मूळ अडॅप्टर लावून एकदा तेच काम करून बघा. फरक पडला तर खरेदीचा विषय तिथेच बराचसा मिटतो.

माझ्या ओळखीतली एक आर्किटेक्ट नवीन जीपीयूवाल्या मॉडेलची वाट बघत होती. मॉडेल फिरवताना अडकतंय म्हणून तिचा सगळा राग जीपीयूवर. आम्ही बसून बघितलं तर जीपीयू निवांत, १६ जीबी रॅम गच्च भरलेली, ब्राउझरच्या ढीगभर टॅब आणि तीन लिंक केलेल्या फाईली. मशीनमध्ये एक स्लॉट रिकामा होता, त्यात रॅम वाढवली आणि तिचं काम पुढे चाललं. सगळ्यांचं इतकं सोपं नसतं हे मान्य, आजकाल बऱ्याच पातळ मशीनमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली येते आणि वाढवता येत नाही. पण मोठ्या वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये अजून स्लॉट मिळतात, काहींमध्ये तर नवीन प्रकारचं मॉड्यूल येतं, थिंकपॅड पी१ च्या सातव्या जनरेशनमध्ये २०२४ साली एलपीकॅम२ आलं, म्हणजे पातळ मशीन असूनही रॅम बदलता येते. तर आधी स्वतःच्या मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून काय काय बदलता येतं ते बघा, मग नवीनचा विचार.

आता समजा अडचण खरीच मशीनची आहे आणि रॅम-एसएसडी बदलून भागणार नाही. मग नवीन मॉडेलमध्ये नक्की काय बदलतंय ते बघायचं आणि इथे नावावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. इंटेलचे १३व्या जनरेशनचे एचएक्स प्रोसेसर जानेवारी २०२३ मध्ये आले आणि १४व्याचे जानेवारी २०२४ मध्ये, नाव बदललं, आकडा वाढला, पण आत मुळात तीच रॅप्टर लेक नावाची डिझाइन होती थोडी वरच्या क्लॉकवर, म्हणजे स्पीडवर. १३वं सोडून १४व्यासाठी ज्याने कामं अडवून ठेवली त्याला फार काही मिळालं नाही. उलट कधी नाव साधंच वाटतं पण आतला बदल मोठा असतो. एन्व्हिडियाच्या लॅपटॉप जीपीयूमध्ये (एडा ही आधीची पिढी, ब्लॅकवेल त्यानंतरची) आरटीएक्स ५००० एडाला १६ जीबी व्हीरॅम होती, त्याच्या जागी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स प्रो ५००० ब्लॅकवेलला २४ जीबी. ज्याचा सीन १६ मध्ये मावत नव्हता आणि २० मध्ये मावतो, त्याच्यासाठी हा जमीन-अस्मानाचा फरक. पण त्याच लाईनमध्ये खाली या, आरटीएक्स २००० एडाला ८ जीबी आणि आरटीएक्स प्रो २००० ब्लॅकवेललाही ८ च. म्हणजे एकाच पिढीत एकासाठी थांबणं योग्य आणि दुसऱ्यासाठी फुकट, तुम्ही कुठल्या पायरीवरचं घेणार त्यावर ठरतं. म्हणून "ब्लॅकवेल आला की घेऊ" असं मोघम बोलू नका, तुमच्या बजेटमधल्या कार्डाची ओळ काढून जुन्या ओळीशेजारी ठेवा आणि बघा.

आणि वॉट बघा, ही गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरात असते. एकाच नावाचा जीपीयू एका पातळ मशीनमध्ये ५०-६० वॉटवर चालतो आणि जाड मशीनमध्ये १००च्या वर, आणि जुन्या पिढीचं जास्त वॉटवालं मशीन नवीन पिढीच्या कमी वॉटवाल्याला मागे टाकू शकतं. डेस्कटॉपच्या कार्डाचे रिव्ह्यू वाचून लॅपटॉपचा अंदाज तर बांधूच नका, आरटीएक्स ५००० एडा ह्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डाला ३२ जीबी आहे आणि लॅपटॉपवाल्याला १६.

आणखी एक छोटा हिशोब करायचा, तो केल्याशिवाय कुठल्याही टक्क्यांना भुलू नका. समजा तुमचं एक तासाचं काम आहे आणि त्यातली ४५ मिनिटं जीपीयू चालतो, बाकी १५ फाईल लोड, सेव्ह वगैरे. नवीन जीपीयू ३० टक्के फास्ट असला तर ४५ ची ३५ होतील, तासाचं काम ५० मिनिटांत. चांगलंय. पण जीपीयूचा वाटा फक्त १५ मिनिटं असेल तर तोच ३० टक्के फास्ट जीपीयू तासातून साडेतीन मिनिटं वाचवतो. जाहिरातीतला आकडा तोच, तुमच्या हातात पडलेला वेळ वेगळा.

आता खरा निर्णय, थांबण्याची किंमत. हे बहुतेक लोक मोजतच नाहीत, नवीन मशीनची तुलना आपल्या जुन्या मशीनशी करतात आणि फरक बघून हरखतात. तुलना तिघांत करायची, तुमचं जुनं, बाजारात आत्ता मिळणारं, आणि येणारं. समजा जुन्या मशीनमुळे रोज २५ मिनिटं वाया जातात. आत्ता मिळणारं घेतलं तर त्यातली २० वाचतात, चार महिन्यांनी येणारं घेतलं तर २२. म्हणजे थांबून जास्तीची कमाई रोज २ मिनिटं. आणि थांबल्याचं नुकसान, रोज २० मिनिटं, महिन्याचे २२ दिवस धरले तर चार महिन्यांत ८८ दिवस, १७६० मिनिटं. ती २-२ मिनिटांनी भरून निघायला कामाचे ८८० दिवस लागतील, सव्वातीन वर्षांच्या वर. तोपर्यंत पुढच्या मॉडेलची चर्चा चालू झालेली असते. आता दुसरी बाजू, व्हीरॅमच्या भिंतीवाल्याची. आत्ता मिळणाऱ्यात पण त्याचा सीन मावत नाही म्हणून फक्त ८ मिनिटं वाचतात, येणाऱ्यात मावणार म्हणून २३. नुकसान ८८ दिवस गुणिले ८ म्हणजे ७०४ मिनिटं, जास्तीची कमाई रोज १५, साधारण ४७ दिवसांत वसूल. ह्याने थांबावं. आकडे तुमचे टाका, अंदाजाचे चालतील, पण कागदावर मांडा, कारण मनात केलेला हा हिशोब नेहमी नवीन मशीनच्या बाजूने झुकतो.

त्या चार महिन्यांचा आकडा कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न. घोषणा आणि हातात येणं ह्यात मोठं अंतर असतं आणि वर्कस्टेशनमध्ये ते गेमिंगपेक्षा जास्त असतं. आरटीएक्स ५० सिरीजच्या लॅपटॉपची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली, पण वर्कस्टेशनवाल्या आरटीएक्स प्रो ब्लॅकवेलची मार्चमध्ये, आणि ते बसवलेले लॅपटॉप विकायला यायला पुढे आणखी महिने गेले. आधीच्या एडा पिढीतही क्रम हाच, गेमिंगचे जानेवारी २०२३ ला जाहीर, वर्कस्टेशनचे मार्चला. म्हणजे जानेवारीत बातम्या वाचून "आलंच की आता" वाटतं तेव्हा तुमचं मशीन बहुधा अर्ध्या वर्षाच्या अंतरावर असतं. त्यातही सुरुवातीला ठरावीक कॉन्फिगरेशनच निघतात, मोठा जीपीयू, जास्त रॅम, चांगली स्क्रीन असं तिन्ही एकत्र हवं असेल तर अजून थांबावं लागू शकतं. मॅकबुक प्रोचं बघा, जड कामाच्या प्रो आणि मॅक्स चिप घेतल्या तर एम१ वाले ऑक्टोबर २०२१, एम२ वाले जानेवारी २०२३, एम३ वाले ऑक्टोबर २०२३, एम४ वाले ऑक्टोबर २०२४. म्हणजे अंतर १५ महिने, मग ९, मग १२. आणि ऑक्टोबर २०२५ ला एम५ आला तेव्हा फक्त साधा आला, प्रो आणि मॅक्स त्यात नव्हते, तेव्हा जड कामासाठी ऑक्टोबरवर डोळा ठेवून बसलेल्यांचं गणित चुकलं.

कंपनीकडून आधी कळेल अशी अपेक्षा नको, पुढचं मॉडेल जाहीर केलं की चालू मॉडेलचा खप पडतो हे त्यांना पक्कं माहितीये. ऑस्बोर्न कंपनीचं उदाहरण जुनं आहे, १९८३ मध्ये पुढच्या मशीनची चर्चा आधीच झाली, चालू मशीनचा खप कोसळला असं सांगतात, आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा अफवांवर तारीख ठरवू नका. अधिकृत घोषणा झालीये, विक्रीचा महिना सांगितलाय आणि स्पेकशीट प्रसिद्ध झालीये, ह्या तिन्ही गोष्टी असतील तर ते मॉडेल हिशोबात धरा. फक्त अफवा असेल तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं झालं.

बरं, मशीन आलं म्हणजे काम सुरू होतंच असंही नाही. कॅडवाल्यांसाठी सर्टिफिकेशन हा मोठा विषय, सॉफ्टवेअर कंपन्या ठरावीक जीपीयू आणि ठरावीक ड्रायव्हर तपासून यादीत टाकतात आणि नवीन मशीन त्या यादीत यायला वेळ जातो, तोपर्यंत काही बिघडलं तर सपोर्टवाले सांगणार की यादीतल्या ड्रायव्हरवर करून बघा. एआयवाल्यांचा अनुभव अजून ताजा आहे, ब्लॅकवेलला कुडा (जीपीयूवर हिशोब करायचं एन्व्हिडियाचं सॉफ्टवेअर) १२.८ लागतं आणि पायटॉर्च ह्या एआय लायब्ररीच्या स्टेबल व्हर्जनमध्ये ते एप्रिल २०२५ ला २.७ मध्ये आलं, त्याआधी ज्यांनी कार्ड घेतलं त्यांना नाइटली बिल्डवर, म्हणजे रोज निघणाऱ्या कच्च्या व्हर्जनवर, काम करावं लागलं. जुन्या प्रोजेक्टला जुनीच व्हर्जन लागत असेल तर नवीन जीपीयू तुम्हाला उलट अडवेल. लिनक्स वापरणाऱ्यांनी नवीन वाय-फाय चिप, कॅमेरा, मशीनचं झोपेतून (स्लीपमधून) उठणं हे सगळं नवीन कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) येईपर्यंतचा काळ धरावाच. माझं मत विचाराल तर ज्याचं पोट मशीनवर आहे त्याने नवीन डिझाइनच्या मॉडेलला बाजारात येऊन दोन-तीन महिने आणि बायॉसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) दोन-तीन अपडेट होऊ द्यावेत, म्हणजे थांबायचा कालावधी अजून वाढला, तो वरच्या हिशोबात टाका.

"थांबलं की स्वस्त होईल" हे पण गृहीत धरू नका. नवीन आलं की जुन्याची किंमत बऱ्याचदा उतरते, खरंय, पण उतरलेल्या किमतीत जे उरतं ते दुकानदाराकडे पडून असलेलं कॉन्फिगरेशन असतं, तुम्हाला हवं असलेलं असेलच असं नाही. आणि २०२५ च्या शेवटी उलटंच झालं, एआय डेटा सेंटरची मागणी इतकी वाढली की रॅमच्या किमती जोरात चढल्या, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ६४ किंवा १२८ जीबी लागणाऱ्यासाठी अशा काळात थांबणं महाग पडतं.

काही परिस्थितींत तर हिशोबाचीही गरज नाही, सरळ घ्या. बॅटरी फुगून टचपॅड वर उचललं गेलंय तर ते मशीन आत्ताच वापरणं थांबवा, त्यात धोका आहे. मदरबोर्ड अधूनमधून दगा देतोय, वॉरंटी संपलीये आणि समोर डेडलाइन असलेलं काम आहे, तरी घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमच्या मशीनवर ११ चालत नाही आणि क्लायंटचा डेटा त्यावर आहे, तरी घ्या. उलट आत्ताचं मशीन काम रेटून नेतंय, वॉरंटीत आहे आणि तुमची अडचण सोडवणारी नेमकी गोष्ट जाहीर झालीये, मग ती जास्त व्हीरॅम असो, बाहेरची डिस्क-स्क्रीन जोडायच्या थंडरबोल्ट ४ पोर्टच्या ४० च्या जागी थंडरबोल्ट ५ चे ८० गिगाबिट असोत, किंवा एचपीच्या झेडबुक अल्ट्रा जी१ए सारखी १२८ जीबीपर्यंतची मेमरी सीपीयू-जीपीयूने वाटून घेणारी रचना असो, तर थांबण्यात शहाणपण आहे.

थांबायचं ठरलं तर दोन गोष्टी लिहून ठेवा, कशासाठी थांबतोय ते एका ओळीत, आणि कधीपर्यंत ती तारीख. "२४ जीबी व्हीरॅम, ३० जूनपर्यंत" इतकं नेमकं. तारीख उलटली आणि माल आला नाही तर त्या दिवशी बाजारात जे बरं आहे ते घ्यायचं, परत मुदत वाढवायची नाही. मधल्या काळात वेळ मारून न्यायला जड रेंडर क्लाउडवर किंवा भाड्याच्या मशीनवर टाका, बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, जुन्याची धूळ साफ करून घ्या.

आत्ताच घ्यायचं ठरलं तर रॅम सोल्डर असलेल्या मशीनमध्ये आज लागते त्याच्या पुढची पायरी घ्या, नंतर वाढवता येणार नाही, एसएसडी मात्र कमी घेतली तरी चालते कारण ती बहुतेक मशीनमध्ये नंतर बदलता येते. रिटर्नची मुदत किती दिवस आहे ते विचारा आणि त्या मुदतीतच तुमची ती सगळ्यात जड फाईल त्यावर तासभर चालवून स्पीड, आवाज आणि मेमरीचे ग्राफ बघा. आणि मागच्या पिढीचं मशीन डिस्काउंटमध्ये घेत असाल तर पैसे देण्याआधी खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या सपोर्ट साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दाखवतेय ते बघा, गोदामात पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी कधीकधी आधीच चालू झालेली असते, तसं दिसलं तर बिलाच्या तारखेपासून धरून दुरुस्त करून देणार का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.